तालमीच्या उंबरठ्यावरील नवागत : कुस्तीविषयक मराठी लेखन व चित्रपटांची एक चिकित्सा

पिंपळे सौदागरच्या गावठाणातून रहाटणीकडे किंवा पिंपळे गुरवकडे जाताना वाढदिवसाच्या, निवडणुकीच्या आणि ग्रामदैवताच्या उत्सवाच्या फलकांवर अनेक नावांआधी ‘पै.’ हे अक्षर आढळते. १९८२ साली महानगरपालिका झालेल्या पिंपरी-चिंचवड शहराचा हा भाग दोन-तीन दशकांच्या अवधीत शेतीच्या गावातून माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदारांच्या उंच इमारतींचा परिसर बनला. शेत गेले, गोठे गेले, परंतु ‘पै.’ राहिले. हे बिरुद कोणती संस्था देते, ते केव्हा मिळते आणि केव्हा काढून घेतले जाते, या प्रश्नांना उत्तर नाही. वर्षभर तालमीत घाम गाळून गुडघा निकामी झाल्याने घरी बसलेला आणि दहा वर्षे मातीत काढून राज्यपातळीवर लढलेला, दोघेही फलकावर सारखेच ‘पै.’ असतात. भाषेने दिलेला हा उदार मान आहे. परंतु त्याच उदारपणामुळे तालमीत पहिले पाऊल टाकणारा मुलगा नेमका कोण, तो कोणत्या अटींवर आत आला आणि पुढे त्याचे काय झाले, ही विचारणा अनावश्यक ठरते.

कुस्तीविषयीच्या मराठी लेखनात आणि चित्रपटांत हा नवागत कसा येतो, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या लेखन-चित्रणात तालीमप्रवेशाचे वर्णन बहुधा दीक्षेच्या भाषेत होते. लंगोट, वस्तादाच्या पायावरची माती, मारुतीपुढचा नारळ, ब्रह्मचर्याचे व्रत ही त्या भाषेची उपकरणे होत. वस्तुतः तालीमप्रवेश हा दीक्षेइतकाच एक आर्थिक करारही आहे. त्यात खर्च करणारा, श्रम देणारा आणि धोका पत्करणारा असे पक्ष असतात. हा करार अलिखित असल्यामुळे त्याचे वाङ्मयही अलिखित राहिले आहे. तुलनेसाठी जपानमधील व्यावसायिक सुमो कुस्तीचे उदाहरण उपयुक्त ठरते, कारण विधी आणि व्रत यांचा डामडौल तेथे तालमीपेक्षा अधिक असूनही प्रवेशाचा करार मात्र कागदावर आहे.

सुमो संघटनेत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या मुलाचे सक्तीचे शालेय शिक्षण पूर्ण झालेले असावे लागते आणि सर्वसाधारणपणे त्याचे वय २३ वर्षांखाली असावे लागते. पालकांची संमती व वैद्यकीय दाखला लागतो. अलीकडच्या काळापर्यंत १६७ सेंटिमीटर उंची आणि ६७ किलो वजन ही किमान अट होती. नवागतांची संख्या घटल्यामुळे २०२३ मध्ये ती शिथिल करण्याचा निर्णय होऊन, कमी भरणाऱ्यांसाठी शारीरिक क्षमतेच्या चाचणीची वाट ठेवण्यात आली. मुलगा कोणत्या तरी ‘हेया’त, म्हणजे सुमोच्या निवासी तालमीत, दाखल होतो. मुख्य लढतींच्या आधी होणाऱ्या ‘माएझुमो’ लढतींत तो प्रथम उतरतो. त्यानंतर त्याचे नाव ‘बान्झुके’ या क्रमवारीच्या छापील पत्रकात सर्वांत खालच्या विभागात, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा बारीक अक्षरांत लिहिले जाते. पण लिहिले जाते, आणि नावासोबत त्याचा मूळ प्रांतही नोंदला जातो. टोकियोतील र्‍योगोकू येथे नवागतांसाठी सहा महिन्यांचे वर्ग चालतात. तेथे मूलभूत कवायतीबरोबर सुमोचा इतिहास व सुलेखन असे विषय असतात.

या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत बोलका तपशील एका नावात आहे. मार्च महिन्यात ओसाका येथे होणाऱ्या स्पर्धेला जपानी लोक ‘नोकरीला लागण्याची स्पर्धा’ असे म्हणतात, कारण शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुले बहुसंख्येने त्याच वेळी दाखल होतात. १९९२ च्या मार्चमध्ये अशी १६० मुले आली होती. देवतांचे आवाहन करून, मीठ उधळून सुरू होणाऱ्या खेळाने आपल्या प्रवेशाला नोकरी म्हणावे, यात कोणाला विसंगती वाटत नाही. मराठीत मात्र ‘तालमीत नोकरीला लागला’ हे वाक्य थट्टेचेच ठरेल.

अर्थात ही नोकरी सुखाची नाही. सुमारे सहाशे सुमोपटूंपैकी वरच्या दोन विभागांतील ७० जणांनाच मासिक वेतन मिळते. उरलेल्यांना स्पर्धेगणिक अल्प भत्ता असतो. नवागत पहाटे उठतो, आखाडा झाडतो, वरिष्ठांची सेवा करतो, स्वयंपाक रांधतो आणि शेवटी जेवतो. पण तो जे जेवतो त्याचा खर्च त्याच्या बापाला द्यावा लागत नाही. प्रत्येक मल्लामागे संघटना हेयाला पालनखर्च देते. महाराष्ट्रातील तालमीशी तुलना करताना हीच गोष्ट निर्णायक ठरते. येथेही नवा मुलगा पहाटे उठून हौदा उकरतो, वरिष्ठ पैलवानांचे अंग रगडतो, बदाम वाटतो, पाळीप्रमाणे स्वयंपाक करतो. परंतु दूध, तूप, बदाम आणि मटण यांचा खुराक घरून येतो किंवा घरच्या पैशाने येतो. सेवा दोन्हीकडे सारखी असून भांडवल पुरविणारा मात्र वेगळा आहे. हा फरक ज्या लेखनात दिसत नाही, ते लेखन तालमीचे गुणगान कितीही उत्तम करो, तालमीचे वर्णन करीत नाही.

परंपरेत नवागताला शब्दच नव्हता असे नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मल्लविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांचे बळानुसार व वयानुसार वर्ग सांगितले आहेत. वयाच्या वर्गीकरणात विशीच्या आतील वाढत्या मल्लाला ‘भविष्णु’ म्हटले आहे. ‘होऊ घातलेला’ असा या शब्दाचा अर्थ आहे. नवशिक्यासाठी यापेक्षा नेमका आणि आदरयुक्त शब्द सापडणे कठीण. सोमेश्वराचा दृष्टिकोन राजाच्या करमणुकीचा आहे, हे खरे. परंतु करमणूक करणाऱ्याला पोसणे ही राजाची जबाबदारी आहे, हे त्यात गृहीत आहे. पुढे कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी मल्लांना दिलेला आश्रय आणि १९१२ मध्ये उभे राहिलेले खासबाग मैदान ही त्याच गृहीतकाची आधुनिक रूपे होत. संस्थाने विलीन झाल्यावर सहकारी साखर कारखान्यांनी मानधनाच्या कुस्ती स्पर्धा सुरू करून त्या जबाबदारीचा काही अंश उचलला. तथापि मानधन मिळण्यासाठी आधी स्पर्धेत टिकावे लागते. ‘भविष्णु’ अवस्थेतील मुलगा या व्यवस्थेच्या बाहेरच राहिला.

विसाव्या शतकातील मराठी व्यायामवाङ्मयाचा मेरुमणी म्हणजे द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात सिद्ध केलेला ‘व्यायामज्ञानकोश’. दहा खंडांचे हे काम आजही थक्क करते. व्यायामाचे प्रकार, साधने आणि कुस्तीचे डावपेच यांची इतकी चिकाटीने केलेली नोंद अन्य भारतीय भाषांत क्वचितच असेल. परंतु कोशाला दिसते ते शरीर. ते शरीर कोणत्या घरातून आले, शाळा सोडून आले की शिकत होते, त्याच्या दुधाचे पैसे कोणी दिले, हे कोशाच्या कक्षेत येत नाही. कोशकाराला यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्याचे प्रयोजन निराळे होते. दोष द्यायचा तर पुढच्या अभ्यासकांना द्यावा लागेल. शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात मल्लांची लवचिकता, पकडीची ताकद, फुप्फुसांची क्षमता यांचे मापन करणारे निबंध विपुल आहेत. ज्यांनी तालीम सोडली त्यांचे मापन कोणी करावे, हा प्रश्न त्यांत उपस्थित होत नाही. मापनाच्या दिवशी जो हजर असतो तोच नमुना ठरतो.

मराठी ललित वाङ्मयात तालीम केंद्रस्थानी आणणारी सर्वांत महत्त्वाची कृती म्हणून व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीकडे पाहावे लागते. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीत आलेला तरुण मास्तर वाडीकऱ्यांच्या श्रमदानातून तालीम बांधवून घेतो आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. व्यायामाचा व सूर्यनमस्काराचा कैवार घेणाऱ्या औंधच्या पंतप्रतिनिधींची पार्श्वभूमी वाचकाला ठाऊक असल्यामुळे हा प्रसंग केवळ काल्पनिक राहत नाही. माडगूळकरांच्या संयत शैलीत तालमीच्या भिंती एकेक थर वर येताना दिसतात. त्या उभारणीतून वाडी एकत्र येते, आणि पुढे दुष्काळ येऊन वाडीच ओस पडते. कादंबरीचे यश निर्विवाद आहे. तरीही प्रस्तुत दृष्टीने एक गोष्ट लक्षात येते. तालीम ही येथे वास्तू आहे, मास्तराच्या कर्तृत्वाची आणि गावाच्या ऐक्याची खूण आहे. त्या मातीत घुमून मोठा होणारा मुलगा हा कादंबरीचा विषय होत नाही. माडगूळकर अतिशय प्रामाणिक लेखक असल्यामुळे असे म्हणता येईल की वाडीच्या दृष्टीनेही तसेच होते. तालीम हवी होती ती गावाला, आणि मुले कोणती, हा प्रश्न नंतरचा होता. दुष्काळाने तो प्रश्न निकालात काढला. खुराक हा पाऊसपाण्यावर अवलंबून असतो, हे सत्य कादंबरीने न बोलता सांगितले आहे. पुढील कुस्तीविषयक लेखनाने ते उचलले असते तर आज चित्र वेगळे दिसले असते.

मराठीबाहेर जोसेफ ऑल्टर यांच्या बनारसच्या आखाड्यांवरील १९९२ च्या ग्रंथाने कुस्तीच्या अभ्यासाला मानवशास्त्रात प्रतिष्ठा मिळवून दिली. मल्लाचे शरीर, ब्रह्मचर्य, आहार, गुरू-चेला संबंध आणि राष्ट्रवाद यांची त्यांनी केलेली मांडणी आजही उद्धृत होते. मराठी प्राध्यापकवर्गाने ती उत्साहाने स्वीकारली, आणि त्याबरोबर एक मर्यादाही स्वीकारली गेली. महाराष्ट्रातील कुस्तीत निवासी तालमीचे स्थान मोठे आहे. बारा-चौदा वर्षांचा मुलगा घर सोडून कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या तालमीत राहावयास जातो. रोज सकाळी आखाड्यात येऊन घरी परतणाऱ्याचा आणि घर सोडणाऱ्याचा प्रवेश एक नव्हे. दुसऱ्यात शाळा बदलते, बहुधा मागे पडते, आणि बापाच्या डोक्यावर दरमहाचा हिशेब येतो.

चित्रपटांकडे वळल्यास दीक्षेची भाषा अधिक ठळक होते. सुजय डहाके दिग्दर्शित ‘केसरी’ (२०२०) हा मराठी चित्रपट सामान्य घरातील मुलाच्या महाराष्ट्र केसरी होण्याच्या ध्यासावर बेतलेला आहे. ‘शाळा’सारखा संवेदनक्षम चित्रपट देणाऱ्या दिग्दर्शकाने नवागताला नायक करावे, ही स्वागतार्ह गोष्ट होती. परंतु शीर्षकानेच शेवट बांधून घेतला. १९६१ पासून चालत आलेला किताब एका स्पर्धेत एकालाच मिळतो. तो ज्यांना मिळत नाही, त्यांचे तालमीतील आयुष्य अशा कथेत पूर्वतयारी किंवा पार्श्वभूमी एवढेच उरते. नितेश तिवारी यांच्या ‘दंगल’ने (२०१६) निदान एक अवघड प्रश्न पडद्यावर आणला. नवागताची संमती घेतली जाते काय? मुलींचे केस बापाच्या हुकमाने कापले जातात, आणि चित्रपट काही काळ त्यांच्या रडण्यासोबत राहतो. नंतर मात्र बालवयात लग्न होणाऱ्या मैत्रिणीच्या तोंडून बापाचे समर्थन वदवून घेऊन तो प्रश्न मिटवतो. विजयाने संमती मागाहून मिळवली जाते. मुलींच्या कुस्तीने महाराष्ट्रात घेतलेले वळण पाहता हा प्रश्न पुन्हा उघडायला हवा. मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. ज्या तालमींनी मुलींना हौद्याजवळ फिरकू दिले नव्हते, त्यांच्याकडे आता मुलींचा प्रवेश कसा करावयाचा याची परंपराच नाही. दीक्षेची सारी भाषा पुरुषी ब्रह्मचर्याभोवती विणलेली असल्यामुळे येथे ती निरुपयोगी ठरते आणि करार स्पष्ट करावाच लागतो. राहण्याची सोय, सोबत, प्रशिक्षक, खर्च हे सारे आधी ठरवावे लागते. व्यावसायिक सुमोच्या रिंगणात स्त्रीला आजही पाऊल टाकू दिले जात नाही, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

याउलट कान एगुची दिग्दर्शित ‘सँक्च्युअरी’ (२०२३) या जपानी मालिकेचा नायक सुमोत येतो तो उघडपणे पैशासाठी. त्याला परंपरेविषयी आदर नाही आणि वरिष्ठांविषयी तर नाहीच. मालिकेत भडकपणा आहे, मारहाणीच्या दृश्यांत ती रमते, आणि अखेरीस नायकाला परंपरेच्या कुशीत आणून सोडते. कलाकृती म्हणून ती ‘बनगरवाडी’च्या जवळपासही जात नाही. पण मुलगा कर्जबाजारी घरातून आला आहे आणि त्याला पैसे हवे आहेत, हे पहिल्याच भागात सांगण्याचे धैर्य तिच्यात आहे. मराठी पडद्यावरील पैलवानाला पैसे हवे असतील तर तो बहुधा खलनायक असतो.

कागदावरचा करार नवागताचे रक्षण करतोच, असे मानणे भाबडेपणाचे होईल. जून २००७ मध्ये एका हेयात १७ वर्षांच्या नवागताचा ‘सरावा’च्या नावाखाली झालेल्या मारहाणीत मृत्यू झाला. हेयाच्या प्रमुखाला पुढे संघटनेतून काढून टाकण्यात आले व तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याच वर्षीच्या जुलैमधील नवागत चाचणीला एकही अर्जदार आला नव्हता. या दोन घटना एकमेकींना जोडण्याचा मोह होतो, परंतु मृत्यूचे खरे कारण त्या चाचणीनंतर काही महिन्यांनी जाहीर चर्चेत आले. ओहोटी त्याआधीच लागली होती. महत्त्वाचे हे की त्या मुलाच्या प्रवेशाची नोंद होती, त्याला प्रमुख जबाबदार होता, म्हणून जबाब विचारता आला. वस्तादाचा मार हा प्रसाद मानणाऱ्या मराठी आठवणींचे वाङ्मय वाचताना हे ध्यानात ठेवणे इष्ट आहे. त्या आठवणी जे टिकले त्यांनी लिहिलेल्या असतात.

आता पुन्हा पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्याकडे येता येईल. खेड तालुक्यातील राक्षेवाडीचा शिवराज राक्षे जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाला. तो घडला काका पवार यांच्या पुण्यातील तालमीत, आणि किताबी लढतीत त्याच्या नावापुढे जिल्हा होता नांदेड. स्पर्धेच्या नियमांत यात काही गैर नाही. परंतु बान्झुकेवर मूळ प्रांत कायम राहतो, येथे प्रतिनिधित्वाचा जिल्हा तेवढा उरतो. चाकणच्या कारखान्यांच्या परिसरातून किती मुले तालमीत गेली, याचा शोध घेणाऱ्याला निकालपत्रे उपयोगी पडत नाहीत. त्या स्पर्धेत विजेत्याला मोटारगाडी मिळाली, उपविजेत्याला ट्रॅक्टर. वरच्या टोकाला शासनाने विजय चौधरी, नरसिंग यादव, राहुल आवारे यांच्यासारख्या मल्लांना पोलीस उपअधीक्षकपद दिले. खालच्या टोकाला, रेवडीच्या कुस्तीत उतरणाऱ्या मुलासाठी, कोणतेच शीर्षक नाही.

या पट्ट्यात खुराकाच्या अर्थशास्त्राने एक चमत्कारिक वळण घेतले आहे. गोठा गेल्यावर घरचे दूध गेले, पण जमिनीचा पैसा आला. गावकीच्या घरातील मुलाला बदाम-तुपाची चणचण राहिली नाही. मात्र त्याला तालमीची गरजही पूर्वीसारखी राहिली नाही, आणि त्याच्यासाठी ‘पै.’ हे पुष्कळदा गावकीचे ओळखपत्र झाले. दुसरीकडे औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या मराठवाड्यातील वा विदर्भातील कुटुंबाचा मुलगा काळेवाडी-रहाटणीच्या भाड्याच्या खोलीत वाढतो. त्याच्या अंगात रग असते, बापाकडे खुराकाचे पैसे नसतात. भोसरीसारख्या ठिकाणी महापालिकेने उभारलेली कुस्तीची सोय त्याला मॅट देऊ शकते, दूध देऊ शकत नाही. जमीन विकलेल्या घरातील तरुणाचे पुढे काय होते, हे ‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८) गुन्हेगारीच्या बाजूने दाखवले. जमीन कधीच नसलेल्या घरातील मुलाची तालमीच्या दारातून झालेली परतपाठवणी अजून कोणी लिहिलेली नाही. ती नाट्यमयही नाही. मुलगा दोन महिने येतो, मग येत नाही. वस्ताद विचारतो, कोणी तरी सांगते की तो कंपनीत लागला.

मार्च २०२० नंतर हे काही काळ उघडे पडले होते. तालमी बंद झाल्या, निवासी मुले गावी परतली, जत्रांचे आखाडे लागोपाठ दोन हंगाम भरले नाहीत. ज्या इनामांवर मधल्या फळीतील मल्लाचा खुराक चालतो, ती थांबली. त्या काळातील वृत्तपत्रीय लेखनात प्रथमच पैलवानांच्या खर्चाचे आकडे, कर्ज आणि मजुरी यांचा उल्लेख वारंवार झाला. आखाडे पुन्हा सुरू होताच लेखन पुन्हा शड्डू आणि हलगीकडे वळले.

महाविद्यालयांचा या प्रश्नाशी असलेला संबंध दूरचा नाही. तालमीत राहणारे अनेक मुलगे क्रीडा विभागाच्या आधाराने कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांच्या हजेरीपटावर असतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपुरते त्यांचे नाव सूचनाफलकावर लागते. वाढीव क्रीडागुणांसाठी त्यांचे अर्ज भरले जातात. म्हणजे प्रवेशाचे वर्ष, मूळ गाव, पालकांचा व्यवसाय, शिक्षण कोठे तुटले ही सारी माहिती महाविद्यालयाच्या कपाटात आधीच आहे. बान्झुके छापण्यासाठी लागणारा कच्चा माल एवढाच असतो. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनीच कुस्तीवर लिहिताना पुन्हा महाभारतातील मल्लयुद्धापासून आरंभ करावा, ही मराठी संशोधनाची जुनी खोड आहे.

चैत्र-वैशाखात या पट्ट्यातील गावांचे आखाडे दुपारी सुरू होतात, तेव्हा कडेला बसणारे अजून आलेले नसतात. ऊन उतरण्यापूर्वी लहान मुलांच्या जोडी लावल्या जातात. रेवड्यांवर, नारळावर, मग थोड्या रकमेवर. सुमोच्या स्पर्धेतही खालच्या विभागांच्या लढती सकाळी रिकाम्या आसनांपुढेच होतात. तेथे निकाल लिहून घेणारा मनुष्य त्या वेळीही जागेवर बसलेला असतो. येथे निवेदक दोन्ही मुलांची नावे, गावे आणि वस्तादाचे नाव ध्वनिक्षेपकावर पुकारतो, पंच हात वर करतो, आणि पुढची जोड मातीत उतरते.